पाणी अडवू नका

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि चार महिन्यांची मुलगी. यजमान ३६ वर्षांचे आहेत. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या पिट्युटरीच्या गाठीचं नाकातून ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. पण तेव्हापासून त्यांची तहान भागतच नाही. फ्रिजचं गार पाणीच लागतं, दिवसाला आठ-नऊ लिटर पितात, रात्री चार-पाचदा लघवीला उठतात. डिस्चार्जच्या कागदावर ‘डायबिटीज इन्सिपिडस’ लिहिलंय आणि एक गोळी दिली आहे. गोळी घेतली की रात्र बरी जाते, पण सवय लागेल म्हणून आम्ही ती एक दिवसाआड देतो. सासूबाईंनी ‘डायबिटीज’ वाचून साखर, भात, आंबा सगळं बंद केलं आणि कारल्याचा रस सुरू केला. शेजारच्या काकू म्हणाल्या, संध्याकाळी सातनंतर पाणी दिलं नाही की सवय मोडते. मागच्या आठवड्यात तेही करून पाहिलं. पहाटे ते काहीतरी असंबद्ध बोलायला लागले, उठताना तोल गेला. घाबरून पाणी दिलं, तेव्हा हळूहळू सावरले. साखर तीनदा तपासली, नॉर्मल आहे. मग हा कसला मधुमेह? गोळी जन्मभर घ्यायची का? शिवाय ते बाळाला जवळ घेत नाहीत. जाऊबाईंनी मोबाइलवर वाचलं की प्रेमाचं हार्मोन याच ग्रंथीतून येतं आणि यांचं ते आता संपलं. या सगळ्यात माझं दूधही कमी झालंय. दूधवाला म्हणतो, म्हशीला देतो ते इंजेक्शन घेऊन बघा. पुढच्या महिन्यात माहेरी, ग्वाल्हेरला, भावाचं लग्न आहे. जावं की नाही?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, बाकी सगळं सावकाश वाचा. आधी पाण्याचा तांब्या त्यांच्या उशाशी ठेवा आणि कागदावर लिहिलेल्या वेळेला गोळी द्या, आज रात्रीपासूनच. सातनंतर पाणी बंद हा प्रयोग तुमच्या घरात पुन्हा कधीही होता कामा नये.

त्या पहाटे जे घडलं त्याचा सवय मोडण्याशी काही संबंध नव्हता. गोळी नव्हती, त्यामुळे लघवीवाटे पाणी जातच राहिलं. वरून भर पडली नाही आणि रक्तातलं सोडियम चढलं. सोडियम चढलं की मेंदूच्या पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं. माणूस आधी चिडतो, मग गोंधळतो, मग गुंगीत जातो, फिटही येऊ शकते. तुम्ही वेळेत पाणी दिलंत म्हणून ते त्यातून बाहेर आले. तरी उद्या सकाळी रक्तातलं सोडियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. ही तपासणी साध्या लॅबमध्येही होते. रिपोर्ट घेऊन ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना किंवा हार्मोनच्या तज्ज्ञांना, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टना, भेटा. सोडियमची नेहमीची मर्यादा १३५ ते १४५ असते. दोन्हीकडून बाहेर गेलेला आकडा वाईट, हे पुढे गोळीबद्दल वाचताना लक्षात ठेवा.

आता हे होतं कशामुळे ते सांगते. कारण घरातल्या सगळ्यांना कारण पटल्याशिवाय तुम्हाला एकटीला हे रेटता येणार नाही.

पिट्युटरी, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातली पीयूषिका ग्रंथी, मेंदूच्या बुडाशी, नाकाच्या मागे हाडाच्या खोबणीत असते. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. तिचे दोन भाग. पुढचा भाग थायरॉइडला, मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला, अंडाशयाला आणि वृषणांना हुकूम देणारी हार्मोन्स स्वतः तयार करतो. मागचा भाग काहीच तयार करत नाही, तो नुसतं गोदाम आहे. माल वर हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागात बनतो, चेतातंतूंच्या आतून देठावाटे खाली उतरतो आणि मागच्या भागात साठून राहतो. वरून इशारा आला की तिथून रक्तात सुटतो. या गोदामात जिन्नस दोनच : व्हॅसोप्रेसिन आणि ऑक्सिटोसिन. तुमच्या यजमानांचं दुखणं पहिल्याचं आहे. दूधवाल्याच्या इंजेक्शनात दुसरं आहे. दोन्ही नऊ-नऊ अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, त्यातल्या सात जागा अगदी सारख्या आणि दोनच वेगळ्या. एवढ्या फरकाने एक मूत्रपिंडाकडे जातं आणि दुसरं गर्भाशयाकडे आणि स्तनांकडे.

आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातलं बहुतेक सगळं वाटेतच परत शोषलं जातं. शेवटच्या नळ्यांत मात्र किती परत घ्यायचं आणि किती सोडायचं, हे व्हॅसोप्रेसिन ठरवतं. ते पोचलं की नळ्यांच्या पेशींच्या भिंतीत पाणी जाण्याच्या बारीक वाटा उघडतात. अ‍ॅक्वापोरिन नावाच्या या वाटा शोधल्याबद्दल पीटर अ‍ॅग्री यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रक्त एक-दोन टक्के जरी घट्ट झालं तरी हायपोथॅलॅमसला कळतं, व्हॅसोप्रेसिन सुटतं, लघवी दाट आणि थोडी होते, आणि सोबत तहानही लागते. रात्री आपण सहा-सात तास न उठता झोपतो तेही याच्याच जोरावर. हे हार्मोन मिळालं नाही की वाटा बंद राहतात, पाण्यासारखी फिकी लघवी होत राहते, आणि आजार तीव्र असेल तर ती दिवसाला पंधरा लिटरच्याही वर जाऊ शकते. अशा वेळी माणसाला जिवंत ठेवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे तहान. यजमान इतकं पाणी पितात म्हणून त्यांना लघवी होते असं काकूंना वाटतं. खरं उलट आहे. लघवी थांबत नाही म्हणून त्यांना प्यावं लागतं. गार पाण्याचीच ओढ लागणं हेही या आजारात नेहमी दिसतं, तो त्यांचा हट्ट नाही.

ऑपरेशनमध्ये देठाला किंवा मागच्या भागाला धक्का लागला की हे होतं. बऱ्याच जणांचं काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप सुधारतं. तीन महिन्यांनंतरही टिकलं असेल तर ते कायमचं असण्याची शक्यता वाढते, तरी काहींचं नंतरही सुधारतं. म्हणून ‘जन्मभर का?’ या प्रश्नाला आज हो किंवा नाही म्हणणं घाईचं होईल. ते ठरवायची पद्धत म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली डोस पुढे ढकलून लघवी आणि सोडियम मोजणं. हे घरी करून पाहायचं नाही.

राहिला नावाचा प्रश्न. या आजाराचा साखरेशी काडीचाही संबंध नाही. दोन्हीत लघवी खूप होते, म्हणून जुन्या वैद्यकात दोघांना एकच पहिलं नाव पडलं, एवढंच. या नावापायी तुमच्या घरात झाला तसा गोंधळ जगभर दवाखान्यांतही होत आला आहे. म्हणून २०२२ मध्ये या विषयातल्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी नाव बदलून ‘आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी’ करावं असं सुचवलं. जुने कागद आणि जुनी सवय अजून चालू आहे, पण तुम्ही घरात ‘व्हॅसोप्रेसिनची कमतरता’ असंच म्हणा. सासूबाईंना रिपोर्टमधली नॉर्मल साखर दाखवा आणि भात, आंबा परत ताटात येऊ द्या. मोठ्या ऑपरेशनमधून उठलेल्या माणसाला उपाशी ठेवणं बरोबर नाही. कारल्याचा रस त्यांना आवडत असेल तर घेऊ देत, औषध म्हणून त्याचा उपयोग नाही.

खाण्यात एका गोष्टीकडे मात्र लक्ष हवं, आणि ती साखर नसून मीठ आहे. मूत्रपिंडाला मीठ बाहेर टाकायला पाणी लागतं. लघवी दाट करता येत नसली की तेवढ्याच मिठासाठी कितीतरी जास्त पाणी जातं. आपल्या इंदूरच्या घरात पोह्यांवर शेव, वरणावर शेव, संध्याकाळी चहाबरोबर नमकीन हे रोजचं. ते सोडायला सांगत नाही, पण रात्रीच्या जेवणात शेव, पापड, लोणचं कमी करून पाहा. रात्रीच्या फेऱ्या कमी होतील. तहान भागवायला पाणीच द्या. शिकंजी, शरबत किंवा कोल्ड्रिंक यांनी एवढी तहान भागवायला गेलं तर मात्र साखरेचं नवं दुखणं मागे लागेल. दारू व्हॅसोप्रेसिनला दाबते, ती नकोच.

आता गोळी. तिचं नाव बहुधा डेस्मोप्रेसिन असेल, कागदावर पाहून घ्या. व्हॅसोप्रेसिनच्याच साखळीत थोडा बदल करून ती बनवली आहे, जेणेकरून रक्तात ती जास्त वेळ टिकावी आणि रक्तदाब चढवू नये. ही नशेची किंवा झोपेची गोळी नाही. शरीरात जे कमी पडतंय तेच वरून दिलं जातंय, त्याची सवय लागत नाही. उपचाराची ही कल्पनाही नवी नाही. १९१३ मध्ये इटलीत आणि जर्मनीत दोन डॉक्टरांनी, एकमेकांना न विचारता, जनावरांच्या पिट्युटरीच्या मागच्या भागाचा अर्क टोचून अशा रुग्णांची लघवी आटोक्यात आणली होती. पुढे कित्येक वर्षं रुग्ण त्या ग्रंथीची पूड तपकिरीसारखी नाकात ओढत. आज एका छोट्या गोळीवर भागतं, हे मला खरोखर मोठं वाटतं, आणि ती गोळी घरात असून एक दिवसाआड दिली जाते हे वाचून वाईट वाटलं.

गोळीचा असर साधारण आठ ते बारा तासांत ओसरतो, म्हणून ती ठरलेल्या वेळी घ्यायची. जेवणाबरोबर घेतली तर कमी शोषली जाते. जेवणाआधी की नंतर, हे डॉक्टरांना विचारून एकच पद्धत ठेवा, रोज बदलू नका.

पण या गोळीला एक धोक्याची बाजू आहे आणि ती तुमच्या घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. गोळीचा असर चालू असताना लघवी थांबलेली असते. त्या वेळात तहान नसताना पाणी प्यायलं तर ते शरीरातच राहतं आणि सोडियम उतरतं. त्याची लक्षणं म्हणजे डोकं दुखणं, मळमळ, अंग जड होणं, सुस्ती, बोलण्यात गोंधळ, आणि फार झालं तर फिट. तेव्हा नियम असा. गोळी नसेल किंवा असर उतरला असेल तर मागतील तेवढं पाणी. गोळी चालू असेल तर तहानेपुरतंच पाणी. ‘उन्हाळा आहे, अजून एक ग्लास घ्या’ असा आग्रह नको, आणि ‘पुरे झालं’ अशी अडवणूकही नको. त्यांची तहान शाबूत आहे, हे मोठं भाग्य आहे. या आजारात ज्यांची तहानेची जाणीवच जाते त्यांना सांभाळणं याहून फार अवघड असतं.

वजनकाटा घ्या. रोज सकाळी लघवी करून, चहाच्या आधी वजन. एका दिवसात किलोभराहून जास्त वाढलं तर पाणी साठतंय असं समजून डॉक्टरांना फोन करा. एखादा दिवस ठरवून चोवीस तासांचा हिशेब लिहा. बाथरूममध्ये खुणा असलेला प्लास्टिकचा मग ठेवा, वहीत तीन रकाने पाडा : वेळ, प्यायलेलं, झालेलं. गोळीची वेळ लाल पेनाने. ही वही सासूबाईंच्या हाती सोपवा. त्यांनी जे केलं ते लेकाच्या काळजीपोटी केलं, आणि हिशेब ठेवण्यात त्यांच्या पिढीचा हात कोणी धरणार नाही. डॉक्टरांना या वहीवरून जेवढं कळेल तेवढं तुमच्या आठवणीवरून सांगून कळणार नाही. काही तज्ज्ञ आठवड्यातून एकदा गोळी थोडी उशिरा घेऊन, लघवी मोकळी झाल्यावर पुढची घ्यायला सांगतात, म्हणजे साठलेलं जादा पाणी निघून जातं. तुमच्यासाठी ते योग्य आहे का, हे विचारा.

डोकं दुखलं किंवा अंग दुखलं म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मनाने देऊ नका. त्या डेस्मोप्रेसिनचा असर वाढवतात. फिटच्या आणि नैराश्याच्या काही औषधांनीही तसं होतं. नवं औषध लिहून देणाऱ्याला आधी ही गोळी सांगायची. उलट्या, जुलाब किंवा ताप आला आणि पाणी पोटात राहत नसेल तर घरी वाट पाहू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. आणि निर्जळी उपास यांच्यासाठी नाही, मग ती एकादशी असो वा नवस. देवाला हे कळतं.

पत्रात तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही, ती मला विचारायलाच हवी. ऑपरेशननंतर पिट्युटरीच्या पुढच्या भागाच्या हुकमावर चालणारी हार्मोन्स तपासली का? सकाळी आठच्या सुमाराचं अ‍ॅड्रिनलचं कॉर्टिसॉल, थायरॉइडचं टी-४, टेस्टोस्टेरॉन? कॉर्टिसॉल कमी असेल तर माणूस दिवसभर गळून जातो, भूक मरते, रक्तदाब उतरतो, आणि साध्या तापातही जिवावर बेतू शकतं. कॉर्टिसॉल कमी असताना लघवीचा त्रास झाकलाही जातो आणि स्टेरॉइड सुरू केल्यावर एकदम उघडा पडतो. कागदावर हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलं असेल तर ‘स्टेरॉइड वाईट’ म्हणून कोणीही ते बंद करायचं नाही. ही तपासणी झाली नसेल तर सोडियमच्या रक्तासोबतच करून घ्या.

यजमानांच्या खिशात एक कार्ड असू द्या. आपल्याकडे कॅज्युअल्टीतली भाषा हिंदी, म्हणून हिंदीतच लिहा : ‘मुझे वैसोप्रेसिन हार्मोन की कमी है। यह शुगर की बीमारी नहीं है। मेरा पानी और डेस्मोप्रेसिन बंद न करें। सोडियम तुरंत जाँचें।’ मागच्या बाजूला गोळीचा डोस, तुमचा फोन आणि डॉक्टरांचा फोन. हे मी उगाच सांगत नाही. २००९ मध्ये लंडनच्या एका मोठ्या हॉस्पिटलात २२ वर्षांचा एक तरुण कमरेच्या सांध्याच्या ऑपरेशनसाठी दाखल होता. त्याला हाच आजार होता. वॉर्डात त्याची गोळी दिली गेली नाही, पाणी पुरलं नाही, तहानेने बेचैन होऊन त्याने पोलिसांना फोन केला, तरी कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि तो गेला. तेव्हा दाताच्या ऑपरेशनसाठी जरी भरती झाले तरी तुम्ही किंवा घरातलं कोणीतरी गोळीची वेळ आणि पाणी यावर जातीने लक्ष ठेवा.

आता बाळाला जवळ न घेण्याबद्दल. जाऊबाईंनी वाचलं ते पूर्ण खोटं नाही. ऑक्सिटोसिन त्याच गोदामात असतं, आणि २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की व्हॅसोप्रेसिनची कमतरता असलेल्या काही रुग्णांत ऑक्सिटोसिनही कमी सुटतं, आणि त्यांच्यातल्या चिंतेशी, भावना कमी जाणवण्याशी त्याचा संबंध असू शकतो. पण तो अभ्यास लहान होता आणि त्यावरून ठरलेलं औषध अजून नाही. ‘यांचं प्रेमच संपलं’ असा निकाल त्यातून निघत नाही, आणि तसं कोणी त्यांच्यासमोर बोलूही नये. बाप होणं एका हार्मोनवर ठरत नाही.

मला तुमच्या घरात त्याहून साधी कारणं दिसतात. तीन महिने जो माणूस रात्री सलग दोन तास झोपलेला नाही, ज्याच्या डोक्याचं ऑपरेशन झालंय, ज्याला रोज अर्धपोटी कारल्याचा रस मिळतोय, तो लेकीला खेळवायला ताकद कुठून आणणार? कदाचित हातातून पडेल अशी भीतीही वाटत असेल. परवाच तोल गेला होता ना? कॉर्टिसॉल, थायरॉइड किंवा टेस्टोस्टेरॉन कमी असलं तरी माणूस असाच विझल्यासारखा होतो, आणि त्यावर औषध आहे. महिनाभर गोळी वेळेवर घेऊन झोप सुधारू द्या. रोज दुपारी दहा-पंधरा मिनिटं बाळ त्यांच्या छातीवर झोपवून तुम्ही शेजारी बसा. तरीही त्यांचं मन कशातच लागत नसेल, सगळं व्यर्थ वाटत असेल, तर डॉक्टरांना तेही सांगा. मोठ्या आजारानंतर नैराश्य येतं आणि त्यावर उपचार होतो.

आता तुमचं. दूधवाल्याला स्पष्ट नाही म्हणा. त्या इंजेक्शनात ऑक्सिटोसिन असतं. ते दूध तयार करत नाही. दूध बनवतं प्रोलॅक्टिन, आणि ते पिट्युटरीच्या पुढच्या भागातलं. ऑक्सिटोसिन फक्त तयार दूध पुढे ढकलतं, म्हणजे पान्हा सोडतं. रेडकू जवळ नसताना म्हशीने पान्हा सोडावा म्हणून गोठ्यांत ते टोचतात. या गैरवापरामुळेच २०१८ मध्ये केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना ते बनवायला बंदी करायचं ठरवलं होतं. पण बाळंतिणींना ते न मिळाल्यास होणारं नुकसान लक्षात घेऊन दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती बंदी रद्द केली. कारण या औषधाची खरी जागा बाळंतपणाच्या खोलीत आहे. बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय आवळून रक्तस्राव थांबावा म्हणून जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक बाईला १० युनिट द्यायला सांगते. तुम्हालाही ते बहुधा मिळालं असेल. गोठ्यातल्या बाटलीत किती औषध आहे, ते स्वच्छ आहे का, हे कोणी सांगू शकत नाही. मात्रा जास्त झाली तर रक्तदाब कोसळतो, आणि व्हॅसोप्रेसिनशी साखळी इतकी जुळत असल्याने शरीरात पाणी साठून तुमचंही सोडियम उतरू शकतं.

दूध खरंच कमी झालंय का, ते आधी पाहा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात स्तन पूर्वीसारखे भरून दगडासारखे लागत नाहीत, कारण दूध आता बाळाच्या मागणीला जुळलेलं असतं. पुष्कळ आया त्यालाच दूध आटलं समजतात. मुलगी दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला करत असेल, टवटवीत असेल, आणि लसीच्या कार्डावर वजन चढत असेल, तर तिला पुरतंय. वजन अडलं असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

तुमच्या पत्रातून मला वाटतं की दूध आहे, पान्हा अडतोय. बाळ ओढायला लागलं की स्तनाग्राच्या नसांमधून हायपोथॅलॅमसला निरोप जातो, ऑक्सिटोसिन सुटतं, दुधाच्या पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळतात, आणि दूध धारेने येतं. बाळाच्या नुसत्या रडण्यानेही कित्येकींना पान्हा फुटतो. आणि भीती, दुखणं, जागरण, ‘पुरत नाही’ असे टोमणे यांनी तोच पान्हा अडतो. पाजायच्या आधी पाच मिनिटं स्तनांवर कोमट पाण्याचं फडकं ठेवा. सासूबाई किंवा जाऊबाई यांना पाठीवर, मानेपासून खाली, हलक्या हाताने चोळायला सांगा. दार लावून, मोबाइल बाहेर ठेवून पाजा. रात्रीचं पाजणं सोडू नका, कारण रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं आणि दूध जेवढं काढलं जाईल तेवढंच पुन्हा भरतं. अळिवाचे लाडू, खीर खुशाल खा. पाणी तुम्हीही तहानेपुरतं प्या. आणि रात्री यजमानांना उठवून, पाणी देऊन, पुन्हा बाळाला पाजून तुम्ही एकटीने पुऱ्या पडणार नाही. एक रात्र आड सासऱ्यांनी किंवा दिरांनी त्यांच्या खोलीत झोपावं. हे मागायला संकोच करू नका.

लग्नाला जा. सोडियम ठीक आलं आणि पुढचे पंधरा दिवस गोळी वेळेवर जाऊन वहीतले आकडे स्थिर राहिले, तर ग्वाल्हेर लांब नाही. रात्रीच्या गाडीत टॉयलेटजवळचा खालचा बर्थ घ्या. गोळ्यांची एक पट्टी तुमच्या पर्समध्ये आणि एक यजमानांच्या खिशात ठेवा, सामानाच्या बॅगेत किंवा उन्हात उभ्या गाडीत नको. डॉक्टरांची चिठ्ठी आणि हिंदी कार्ड सोबत असू द्या. पाण्याच्या चार बाटल्या घरूनच भरा. मांडवात कोणी आग्रहाने पन्ह्याचे ग्लासावर ग्लास पुढे केले, तर यजमानांनी तहान असेल तेवढंच घ्यायचं, आणि रात्रीच्या गोळीची आठवण करायचं काम तुमच्या भावाऐवजी एखाद्या चुलतभावाकडे द्या, कारण नवरदेवाला त्या दिवशी कसलीच आठवण राहणार नाही.